पुढच्या वर्षी नक्की!

*१९६७ नंतर कप नाही, तरी एप्रिल आला की अख्खं टोरांटो निळी जर्सी घालून तयार! आइस हॉकीच्या प्लेऑफच्या आदल्या रात्री एका पुणेकर फॅनने फ्रिजवर लावलेल्या कागदाची ही गोष्ट...*

तुमच्या ऑफिसात बेंगळुरूच्या टीमचा एखादा फॅन होताच ना? दर वर्षी 'या वेळी कप आपलाच' म्हणणारा आणि दर वर्षी मे महिन्यात कँटीनमध्ये तोंड लपवणारा? जून २०२५ मध्ये तो सुटला. अठराव्या सीझनला का होईना, कप आला. आता कल्पना करा, अठरा नाही तर अठ्ठावन्न वर्षं वाट बघायची!

टोरांटो मेपल लीफ्सचा फॅन असणं म्हणजे नेमकं हेच. लीफ्सनी शेवटचा स्टॅनले कप जिंकला १९६७ मध्ये. तेव्हा लीगमध्ये टीम होत्या फक्त सहा, आणि माझे बाबा खडकीच्या शाळेत चौथीत होते. आता टीम आहेत बत्तीस. त्यातल्या सोळा प्लेऑफला जातात. मग सात मॅचची एक सिरीज, अशा चार राउंड. एका सिरीजमध्ये आधी चार मॅच जिंकेल तो पुढे. थोडक्यात, कप हवा असेल तर दोन महिन्यांत सोळा विजय.

मी नोकरीसाठी टोरांटोला आलो तो २०१९ च्या जानेवारीत. बाहेर उणे वीस आणि ऑफिसमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. लंच टेबलवर गप्प बसायचा कंटाळा आला म्हणून मॅच बघायला लागलो. नंतर कधी अडकलो, कळलंच नाही. आता एक कबुली. आमच्या या टीमची आणि माझी एक सवय अगदी सेम आहे. ते म्हणतात, 'कप पुढच्या वर्षी नक्की.' आणि दर रविवारी बाबा फोनवर विचारतात, 'परत कधी येतोस?' तेव्हा मी म्हणतो, 'पुढच्या वर्षी नक्की.'

फ्रिजवरचा कागद

१९ एप्रिल २०२५, शनिवारची रात्र. दुसऱ्या दिवशी ऑटावाविरुद्ध पहिली मॅच. लीफ्स १०८ पॉइंट घेऊन आपल्या डिव्हिजनमध्ये पहिले आलेले. झोप येईना. मग एक कागद घेतला, प्लेअर्सची नावं लिहिली आणि प्रत्येकासमोर मनात आलं ते लिहून टाकलं.

ऑस्टन मॅथ्यूज : कॅप्टन. वाढला कुठे, तर ॲरिझोनाच्या वाळवंटात! आई मेक्सिकोची. २०१६ मध्ये पहिल्याच एनएचएल मॅचला पठ्ठ्याने चार गोल ठोकले, आणि टीम तरीही ती मॅच हरली. लीफ्स म्हणजे काय हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं असणार. २०२३-२४ ला त्याने ६९ गोल मारले. या सीझनला दुखापतींमुळे ३३ वर थांबला. मी लिहिलं : 'तब्येत सांभाळ बाबा.'

विल्यम नीलँडर : स्वीडनचा. या सीझनला ४५ गोल. याला टेन्शन हा शब्दच माहीत नाही. सातवी मॅच असो की प्रॅक्टिस, चेहरा तोच. अप्रेझलच्या आदल्या दिवशी असा चेहरा ठेवता आला तर काय बहार येईल! लिहिलं : 'तू बदलू नकोस.'

जॉन टवारेस : हा शेजारच्या ओकव्हिलचा. न्यूयॉर्ककडे नऊ सीझन खेळून २०१८ मध्ये घरी परतला. सात वर्षं, सात कोटी सत्तर लाख डॉलर! पण लोकांच्या लक्षात राहिला तो एक फोटो. लहानपणीचा जॉन लीफ्सच्या चादरीत गाढ झोपलाय. २०२१ च्या प्लेऑफमध्ये त्याच्या डोक्याला लागलं आणि स्ट्रेचरवरून बाहेर नेताना त्याने अंगठा वर केला. २०२४ मध्ये कॅप्टनपद सोडून मॅथ्यूजकडे दिलं. जूनमध्ये काँट्रॅक्ट संपतंय. लिहिलं : 'हा माणूस घरी आला.'

मिच मार्नर : हाही इथलाच, मार्कहॅमचा. या सीझनला १०२ पॉइंट! पण जिंकलं तर सगळ्यांचं आणि हरलं तर मार्नरचं, असा इथला हिशोब. घरचा मुलगा असल्याची शिक्षाच म्हणा ना. त्याचंही काँट्रॅक्ट जूनमध्ये संपत होतं. पेन बराच वेळ हातात धरून बसलो. शेवटी लिहिलं : 'जाऊ नकोस रे.'

अँथनी स्टोलार्झ : गोली. मागच्या वर्षी फ्लोरिडाने कप जिंकला तेव्हा बेंचवर होता. इथे खरी संधी मिळाली आणि लीगमधला सगळ्यात चांगला सेव्ह पर्सेंटेज करून बसला. लिहिलं : 'मधेच लागू देऊ नकोस.'

शेवटी हिशोबाची एक ओळ. मॅथ्यूज, नीलँडर, टवारेस आणि मार्नर हे चौघे मिळून साधारण चार कोटी साठ लाख डॉलर घेत होते. टीमच्या पगाराची मर्यादा आठ कोटी ऐंशी लाख. म्हणजे निम्म्याहून जास्त पगार चार जणांत! उरलेल्या पैशांत बाकी अख्खी टीम. तुमच्या प्रोजेक्टवर असं असतं तर? मॅनेजर दर वर्षी म्हणणार, 'या चौघांवर विश्वास ठेवा.' आम्हीही ठेवला. दर वर्षी.

पहाटे साडेचारची मॅच

टोरांटोत संध्याकाळचे सात म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेचार. बाबांची फिरायला जायची वेळ. फोन टीव्हीसमोर उभा करून त्यांना मॅच दाखवायची ही आयडिया माझीच.

बाबा हॉकीवाले. म्हणजे खऱ्या, मैदानावरच्या. खडकीत वाढलेल्या माणसाला दुसरा खेळ सुचतच नाही. धनराज पिल्ले त्याच खडकीचा! त्यामुळे आइस हॉकीला ते आधी 'घसरगुंडीवरची मारामारी' म्हणायचे. 'पाऊण मिनिट खेळून बाकावर बसतात? आम्ही सत्तर मिनिटं पळायचो!' असं सुरू व्हायचं. पण तिसऱ्या मॅचपर्यंत त्यांना नावं पाठ झाली होती. नीलँडरचे मनगट बघून म्हणाले, 'याला स्टिकवर्क येतं हं.' फिरायला जाणं बंद झालं. आईची तक्रार सुरू झाली.

ऑटावाला सहा मॅचमध्ये हरवलं. मग समोर फ्लोरिडा, गतविजेते. पहिल्या दोन्ही मॅच आम्ही जिंकल्या! पण पहिल्याच मॅचमध्ये स्टोलार्झच्या डोक्याला कोपर लागलं आणि तो बाहेर गेला. फ्रिजकडे बघायची हिंमत होईना. जोसेफ वॉल उभा राहिला, सहाव्या मॅचला तर त्याने एकही गोल होऊ दिला नाही. ३-३.

१८ मे. सातवी मॅच, घरच्या बर्फावर. ऑफिसच्या ग्रुपवर दुपारपासून कोणीच काही बोलत नव्हतं. स्कोअर? ६-१. आमचा एक. काही लोकांनी अंगातल्या जर्सी काढून बर्फावर फेकल्या. मी टीव्ही बंद करायला उठलो, तर फोनवर बाबा अजून होतेच. दोघंही गप्प. मग ते म्हणाले, 'जाऊ दे रे. पुढच्या वर्षी नक्की.'

ते टीमबद्दलच बोलत होते. टोमणा वगैरे काही नव्हता. आणि म्हणूनच जास्त लागलं. माझंच वाक्य, माझ्याच सुरात, समोरून ऐकू येत होतं. सहा वर्षं ते ऐकून घेताना त्यांना कसं वाटलं असेल, ते पहिल्यांदा कळलं.

घर नावाची टीम

जूनअखेर मार्नर लास व्हेगासला गेला. आठ वर्षांचं काँट्रॅक्ट. इथे लोक चिडले. माझ्याच्याने चिडवेना. पुण्याहून टोरांटोला आलेल्या माणसाने मार्कहॅमच्या पोराला 'घर सोडून गेलास' म्हणायचं, हे जरा जास्तच झालं असतं, नाही का? अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच वयाच्या आसपास मीही निघालोच की.

टवारेस मात्र थांबला. वर्षाला एक कोटी दहा लाख घेणारा माणूस चव्वेचाळीस लाखांच्या आतल्या पगारावर, आणखी चार वर्षं. चादरीचा हिशोब पगारात बसत नसावा.

मी काय केलं? दिवाळीचं तिकीट काढलं. परतीचंही काढलं, खोटं कशाला बोला! मी काही टवारेस नाही. पण 'पुढच्या वर्षी' हा शब्द निदान त्या वर्षापुरता रद्द केला.

बॅगेत तो फ्रिजवरचा कागद होता. खडकीच्या घरी बाबांनी चष्मा लावून वाचला, एकेक नाव, हळूहळू. मार्नरपाशी थांबले. 'जाऊ नकोस रे' मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

मग कागदाची नीट घडी घालून म्हणाले, 'पुढची मॅच किती वाजता आहे?'