नोकरी शोधणाऱ्या घराचे वेळापत्रक

औषधे तीच, पथ्य तेच, तरीही सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाचा रक्तदाब महिन्याभरात चढलेला दिसला, की गोळीची मात्रा वाढवण्याआधी मी घरची विचारपूस करतो. अलीकडे त्यावर एक उत्तर वरचेवर ऐकू येऊ लागले आहे : "मुलगा सध्या घरीच असतो." हे वाक्य बहुधा खाली मान घालून उच्चारले जाते. मुलगा पंचेचाळीस-पन्नाशीचा, कंपनीने कमी केलेला. कधी मुलाच्या जागी सून असते. सासूबाईंच्या दीर्घ आजारपणापायी तिने नोकरी सोडलेली असते आणि आता चार-पाच वर्षांनी ती पुन्हा काम शोधत असते. नोकरी एकाची जाते, झोप मात्र साऱ्या घराची उडते. म्हणूनच हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात अस्थानी ठरू नये.

काम गेल्यावर माणसाचे नेमके काय हरवते, याचा एक जुना आणि आजही वाचावा असा अभ्यास आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे छोटे गाव एका कापडगिरणीच्या आधारावर उभे होते. १९३० च्या सुमारास ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल या अभ्यासकांनी तेथील जीवनाची बारकाईने पाहणी केली. ती १९३३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आता वेळच वेळ आहे तर लोक अधिक वाचतील, अशी कोणाचीही समजूत होईल. प्रत्यक्षात गावच्या ग्रंथालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. अभ्यासकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा चालण्याचा वेग घड्याळ लावून मोजला. पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालत. स्त्रिया मात्र भराभर जात, कारण चूल आणि मुले यांची कामे त्यांच्यापाठी होतीच. दिवसभरात काय केले, असे विचारले असता अनेक पुरुषांना उठणे, जेवणे आणि झोपणे यांपलीकडे फारसे काही सांगता येत नसे.

पगाराबरोबर घड्याळही जाते, हे त्या पाहणीतून स्पष्ट झाले. कामामुळे दिवसाला आकार येतो, घराबाहेरच्या माणसांशी संबंध राहतो, आपला कोणाला तरी उपयोग आहे ही जाणीव टिकते, असे याहोडा यांनी पुढे मांडले. गिरणगावात १९८२ चा संप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यासाठी व्हिएन्नापर्यंत जाण्याची गरज नाही.

तेव्हा पहिले काम दिवसाला पुन्हा आकार देण्याचे. नोकरी असताना सहाला उठणारा माणूस आता नऊला उठू लागला, तर त्याला आळशी ठरवू नये. रात्री दोन वाजेपर्यंत त्याचा डोळा लागलेला नसतो. पण उठण्याची वेळ पहिलीच ठेवावी, हा माझा आग्रह असतो. झोप केव्हा लागावी हे आपल्या हाती नसते, उठावे केव्हा हे बहुतांशी असते. आणि सकाळचा प्रकाश डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ हळूहळू जागेवर येते. आंघोळ, न्याहारी, थोडे चालणे, आणि मग घरातल्या एका ठरलेल्या जागी तीन-चार तास नोकरीशोधाचे काम. पलंगावर पडून मोबाइलवर जाहिराती चाळणे याला मी काम मानत नाही. दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासाच्या आत असावी. संध्याकाळनंतर नोकरीचा विषय बंद. दिवसभर अर्धवट शोधण्यापेक्षा अर्धा दिवस नीट शोधणे प्रकृतीला मानवते.

दुसरी गोष्ट वहीची. माझे एक रुग्ण सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात उभी हयात घालवून निवृत्त झाले. मुलाची नोकरी गेल्यावर त्यांनी उपदेशाचा एक शब्दही काढला नाही. दोनशे पानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखून दिले. तारीख, संस्था, जागा, माहिती कोणाकडून मिळाली, कोणता बायोडेटा पाठवला, पुढची विचारणा कोणत्या दिवशी करायची. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. अर्ज पाठवून वाट पाहत बसणे माणसाला कुरतडत जाते; 'मंगळवारी फोन' असे लिहिलेले असले, की सोमवारपर्यंत तो विचार बाजूला ठेवता येतो. शिवाय आपण काहीच करत नाही, ही जी टोचणी अशा दिवसांत लागते, तिला भरलेली पाने उत्तर देतात. आठवड्याचे उद्दिष्टही आपल्या हाती असेल तेवढेच असावे. 'या महिन्यात नोकरी मिळवीन' हे हाती नाही, 'या आठवड्यात विचारपूर्वक पाच अर्ज करीन' हे आहे. मात्र वडिलांनी वही आखून द्यावी, रोज तपासू नये. त्या गृहस्थांनी हे पथ्य पाळले, आणि ते त्यांना जड गेले असणार!

ओळखीपाळखीचा उपयोग करण्याचा अनेकांना संकोच वाटतो. वशिला आणि माहिती यांत फरक आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात असे दाखवले, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जिवलग मित्रांकडून कळली नव्हती, क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून कळली होती. कारण उघड आहे : जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते, दूरच्या परिचिताचे जग वेगळे असते. जुना सहकारी, लग्नकार्यात भेटणारा आतेभाऊ, सकाळच्या फेरफटक्यातील मंडळी यांना कळू द्यावे. इथे ज्येष्ठांच्या चाळीस वर्षांच्या ओळखी कामी येतात. फक्त त्या वापरण्याआधी मुलाला किंवा सुनेला विचारावे. परस्पर शब्द टाकलेला कोणालाच रुचत नाही. आणि नोकरीसाठी आधी पैसे भरायला सांगणारा कोणीही असो, त्याला पैसे देऊ नयेत.

शुश्रूषेसाठी नोकरी सोडलेल्या स्त्रीला त्या वर्षांचे काय सांगावे, हा प्रश्न पडतो. जे केले ते सरळ सांगावे. पक्षाघाताच्या रुग्णाची औषधे, फिजिओथेरपी, रुग्णालयाची बिले आणि विम्याचे दावे चार वर्षे सांभाळणे हे व्यवस्थापनच होय. ते ओशाळून सांगितले तर ऐकणाऱ्यालाही रिकामी जागा दिसते.

घरातल्या बोलण्याविषयी थोडेसे. 'काही कळले का?' हा प्रश्न मायेपोटी येतो, पण दिवसातून चार वेळा आला की शिक्षा होतो. आठवड्यातून एक वेळ ठरवून त्याच दिवशी विचारावे. शेजाऱ्यांना काय सांगायचे, हे सर्वांनी मिळून एकदाच ठरवून टाकावे. लपवण्यात फार शक्ती जाते.

आणि आता ज्येष्ठांना स्पष्टच सांगतो. घरात पैसा कमी आहे म्हणून रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेण्याचा त्याग कृपा करून करू नका. त्या त्यागाचा शेवट पक्षाघातात झाला, तर मुलाचा शोध तिथेच थांबेल. खर्चाची अडचण डॉक्टरांना सांगा. जनऔषधी केंद्रांत अनेक औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात. मुलाच्या कंपनीच्या सामूहिक विम्यात आपले नाव असेल, तर नोकरीबरोबर ते संरक्षणही संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची तरतूद असते. त्याची चौकशी नोकरीच्या शेवटच्या दिवसाआधी करावी. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २०२४ पासून खुले झाले आहे. कार्ड काढले नसेल तर काढून ठेवा.

नकार आल्यावर दोन-चार दिवस उदास राहणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक बिघडलेली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, दारू वाढली असेल, तर तो आजार समजावा. 'मी तुमच्यावर ओझे आहे' असे शब्द निघाले, तर एक दिवसही थांबू नये. 'टेलिमानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तेथे मराठीतही बोलता येते. मुलगा दवाखान्यात यायला तयार नसेल, तर आपल्या रक्तदाबाच्या तपासणीसाठी त्याला सोबतीला घेऊन या. तेवढे निमित्त पुरते.