शंभर युनिटांमागचे डोंगर आणि पाणी

महावितरणच्या घरगुती बिलात पहिला टप्पा शंभर युनिटांचा. या शंभर युनिटांपायी जमिनीचे, पाण्याचे काय खर्ची पडले ते बिल सांगत नाही. पण हिशेब मांडता येतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र घेऊ: क्षमता २,९२० मेगावॅट, कोळसा बराचसा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स, कोल इंडियाची उपकंपनी) खाणींतला, पाणी इरई धरणाचे.

आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज काढायला ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे शंभर युनिटांना ७० किलो. त्यात राख ३५ टक्के धरली तर मागे २५ किलो राख उरते आणि धुराड्यातून क्विंटलभर कार्बन डायऑक्साइड जातो. इथवरचा हिशेब केंद्राच्या फाटकाच्या आतला.

फाटकाबाहेरचा मोठा आहे. २०२३-२४ मध्ये कोल इंडियाने ७७ कोटी टनांवर कोळसा काढला आणि त्यासाठी सुमारे १९६ कोटी घनमीटर दगडमाती उपसली. खाणीवर तिला ‘ओबी’ (ओव्हरबर्डन) म्हणतात. टनामागे अडीच घनमीटर, म्हणजे आपल्या ७० किलोंमागे पावणेदोनशे लिटर आकारमानाची ओबी. वजन चारशे किलोंच्या घरात. ही कोल इंडियाची सरासरी झाली. वेकोलिचे प्रमाण याहून चढे आहे, कारण इथला कोळसा खोल.

पण नुसत्या वजनाने ओबीचे मोजमाप होत नाही. खाण खणताना आधी निघते ती वरची काळी माती, मग मुरूम, मग वालुकाश्म. माती वेगळी साठवली नाही तर ढिगाऱ्यात हा क्रम उलटा होतो. शेतकऱ्याच्या कामाची माती तळाशी गाडली जाते आणि माथ्यावर जिथे रानगवतही धड धरत नाही असा दगड येतो. पावसाळ्यात ढिगाऱ्याचा गाळ नाल्यांतून नदीत उतरतो. हा गाळ कोणत्या युनिटाच्या नावे टाकायचा?

कोणाच्याच नाही, असे सध्याचे उत्तर आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागणारा प्रत्येक उद्योग दरवर्षी मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्र देतो, ते ‘फॉर्म ५’. उत्पादनाच्या एककामागे किती पाणी, किती कच्चा माल लागला, हे त्यात लिहायचे असते. खाण आपला फॉर्म भरते, एकक टन कोळसा. वीज केंद्र आपला भरते, एकक वीज. दोन्ही कागद एकाच मंडळाकडे येतात, पण त्यांची बेरीज करणे हे कोणाचेच काम नाही. वीज केंद्राच्या लेखी कोळसा हा वाघिणीतून आलेला कच्चा माल. त्याच्यासोबत ओबी येत नाही, खाणीतून उपसून टाकलेले भूजलही येत नाही.

पाण्यावर मात्र मर्यादा आहे. ७ डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची कमाल मर्यादा घातली. शंभर युनिटांना ३५० लिटर. एवढे पाणी लागते, कारण कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची वीज होते. उरलेल्यातली बरीचशी उष्णता शीतन मनोऱ्यांतून वाफेवाटे बाहेर टाकावी लागते. चंद्रपूर ७० टक्के भाराने चालले आणि मर्यादेइतके पाणी वापरले, तर दिवसाला सतरा कोटी लिटर होतात. हेच इरई धरण शहराची तहानही भागवते.

मर्यादा चांगलीच आहे. माझी हरकत सरासरीला आहे. साडेतीन लिटर ऑगस्टमधले आणि साडेतीन लिटर मे महिन्यातले, कागदावर सारखेच. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी बीड जिल्ह्यातले परळीचे औष्णिक केंद्र बंद पडले. बंद केंद्राचे ‘लिटर प्रति युनिट’ निष्कलंकच म्हणायचे! बीड जिल्हा त्या वेळी कोणत्या अवस्थेत होता, हे त्या आकड्यात शोधून सापडणार नाही.

कोयनेचे जलविद्युत केंद्र तर या मोजपट्टीची पुरती फजिती करते. पाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून पाणी सोडून वीज करायची, तर साध्या सूत्राने युनिटमागे साडेआठशे-नऊशे लिटर पाणी लागते, चंद्रपूरच्या मर्यादेच्या अडीचशे पट. तरीही जलविद्युत केंद्र पाणी ‘खर्च’ करत नाही असे मानले जाते, कारण ते टर्बाइनमधून गेले तरी पाणीच राहते. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण ते पाणी कोयनेत परतत नाही. वाशिष्ठीत उतरून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा खोऱ्याच्या खात्यावर त्याचा थेंब न् थेंब खर्चीच पडतो. टर्बाइनशी उभे राहून मोजले तर शून्य, कराडला कोयना-कृष्णेच्या प्रीतिसंगमावर उभे राहून मोजले तर सगळेच.

याच्या उलट नागपूरचे. भांडेवाडीत शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी दिवसाला १३ कोटी लिटर कोराडी-खापरखेड्याच्या वीजनिर्मितीसाठी घेण्याची योजना झाली. मनोऱ्यातून वाफ तेवढीच निघते, लिटरचा आकडा जवळपास तोच राहतो. वाचते ते धरणातले पाणी. विदर्भातली एवढी चांगली गोष्ट, पण ‘लिटर प्रति युनिट’च्या आकड्यात ती उमटतच नाही. ‘फॉर्म ५’ मध्ये पाण्याचे रकाने तीन: प्रक्रियेसाठी, शीतनासाठी, घरगुती वापरासाठी. पाणी धरणातले की गटारातले आणि ते कोणत्या महिन्यात उचलले, असे आणखी दोन रकाने वाढवायला कोणत्याही नव्या यंत्राची गरज नाही. केंद्राच्या पंपघरातल्या नोंदवहीत ही माहिती रोज लिहिली जाण्यासारखी आहे.