माहितीपत्रक छापण्याआधी: आपल्या उद्योजक तरुणांसाठी थोडे सविस्तर

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीहून परतताना आमच्या पिशवीत पुस्तकांबरोबर छापील पत्रकांचाही एक गठ्ठा येतो. शिबिरांची, व्याख्यानांची, संघटनांची पत्रके त्यात असतातच. अलीकडे मात्र आपल्या तरुणांच्या व्यवसायांची माहितीपत्रकेही दिसू लागली आहेत. केटरिंग, डीटीपी, स्पर्धा परीक्षेचे क्लास, मंडप-डेकोरेशन, सोलर. नोकरीच्या रांगेतून बाहेर पडून कुणीतरी स्वतःचे काही उभे करते आहे, याचा आनंद होतो. पत्रक उघडून वाचले की मात्र प्रश्न पडतो, हे वाचून कुणी फोन करेल का?

उत्तर नागपुरातला, आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेला एक तरुण आमच्या परिचयाचा आहे. छतावर सोलर पॅनेल बसवून देण्याचे काम करतो. काम चोख. त्याने बचतीतून दोन हजार पत्रके छापली आणि दीक्षाभूमीच्या रस्त्यावर उभे राहून दोन दिवसांत वाटून टाकली. फोन आले तीन. त्यातला एक आधार कार्डावरचा पत्ता बदलून मिळेल का, असे विचारणारा होता, कारण पत्रकात सोलरबरोबर सीसीटीव्ही, इन्व्हर्टर, आरओ दुरुस्ती, पॅन कार्ड आणि आधारचीही कामे लिहिली होती. पण त्याला सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. “सर, पत्रकावर बाबासाहेबांचा फोटो होता. संध्याकाळी बघितलं तर रस्त्यावर लोकांच्या पायाखाली पडलेली. मी आणि दोन स्वयंसेवक वेचत बसलो.”

त्याच्याबरोबर बसून आम्ही ते पत्रक नव्याने केले. त्या कामात जे कळले ते इथे मांडतो आहोत.

पहिली चूक डिझाइनची नव्हतीच, वाटपाची होती. दीक्षाभूमीवर त्या दिवशी नांदेड, अकोला, मुंबई, तेलंगणापर्यंतची माणसे येतात. नांदेडची माउली नागपूरच्या मुलाकडून छतावर पॅनेल कशी बसवून घेणार? पुस्तक विक्रेत्यासाठी, शिबिरासाठी ती जागा योग्य. स्थानिक सेवेसाठी नाही. म्हणून कागदाला हात लावण्याआधी हे पत्रक कुणाच्या हातात पडणार ते ठरवा. आमच्या मित्राचा ग्राहक म्हणजे स्वतःचे घर आणि स्वतःचे छत असलेला, महिन्याला तीनशे युनिटच्या आसपास वीज जाळणारा नागपूरकर. निवृत्त शिक्षक, रेल्वेतला किंवा आयुध निर्माणीतला कर्मचारी. असा माणूस घरी चर्चा करून, चार जणांना विचारून निर्णय घेतो. व्हॉट्सॲपच्या काळात कागद कशाला, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर हेच आहे. लाखाच्या वर जाणाऱ्या खर्चाची चर्चा घरात चहाच्या वेळी होते आणि त्या वेळी कागद टीपॉयवर असावा लागतो.

आता पहिले पान. आपल्या बहुतेक पत्रकांवर वर मोठ्या अक्षरात ‘अमुक एंटरप्रायझेस’ आणि खाली ‘दर्जा, विश्वास, सचोटी’. हे तीन शब्द गावातले प्रत्येक दुकान लिहिते, त्यामुळे ते कुणीच वाचत नाही. आम्ही पहिल्या पानावरून दुकानाचे नाव खाली नेले आणि वर लिहिले: ‘महिन्याला तीनशे युनिटचे बिल येते? छतावर तीनशे चौरस फूट मोकळी जागा आहे? मग हे पत्रक तुमच्यासाठी.’ ज्याचे बिल तेवढे नाही तो पत्रक ठेवून देईल, आणि ते चांगलेच. ज्याचे आहे तो उघडून बघेल. हे आकडे हवेतले नाहीत. एक किलोवॉटच्या संचाला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि तो महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटच्या आसपास वीज देतो. म्हणजे तीन किलोवॉटला तीनशे फूट आणि तीनशेच्या वर युनिट. ग्राहक स्वतःचे बिल काढून स्वतःच पडताळून पाहू शकतो.

आतली पाने ग्राहकाच्या प्रश्नांच्या क्रमाने लिहावीत. हे प्रश्न आपल्याला सुचत नसतील तर मागच्या दहा ग्राहकांनी फोनवर काय विचारले ते आठवून लिहून काढा, तोच मजकूर. आमच्या मित्राला लोक विचारायचे: खर्च किती, सरकार किती देते, ते पैसे कुणाच्या हातात येतात, मीटर कोण बदलते, बिघडले तर कोण येते. पत्रकात मात्र होते ‘आमची स्थापना’, ‘आमचे ध्येय’, ‘आमची वाटचाल’. पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले. संच चालू होऊन तपासणी झाल्यावर ते थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते, म्हणजे सुरुवातीची रक्कम ग्राहकालाच उभी करावी लागते. त्याला खरोखर हवी असलेली ही माहिती मित्राच्या जुन्या पत्रकात ‘शासकीय अनुदान उपलब्ध’ एवढ्या तीन शब्दांत संपली होती. असे आकडे छापताना खाली महिना आणि वर्ष जरूर लिहा. सरकारी योजनांचे नियम बदलतात, आणि जुने पत्रक हातात घेऊन भांडायला आलेल्या माणसाला आपल्याकडे उत्तर नसते.

किंमत लिहावी की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. मित्राचे म्हणणे, किंमत लिहिली की समोरचा स्पर्धक पाचशेने कमी सांगतो. शेवटी ‘अमुकपासून पुढे’ असे न लिहिता तीन किलोवॉटच्या एका खऱ्या कामाचा हिशेब जसाच्या तसा द्यायचे ठरले: पॅनेल, इन्व्हर्टर, लोखंडी स्ट्रक्चर, वायरिंग आणि मजुरी, एकूण, त्यातून अनुदान वजा. अंगुत्तर निकायातल्या पापणिक सुत्तात भगवान बुद्धांनी यशस्वी दुकानदाराची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यात पहिले आहे डोळस असणे. माल कितीला घेतला, कितीला विकला, मुद्दल किती आणि नफा किती हे त्याला ठाऊक असते. ज्याला आपला हिशेब ठाऊक आहे त्याला तो दाखवायची भीती वाटत नाही.

खरे बोलण्याचा प्रश्नही इथेच येतो. आपण विहारात पंचशील घेतो, चौथे शील मुसावादापासून दूर राहण्याचे, आणि बाहेर येऊन पत्रकावर लिहितो ‘वीजबिल कायमचे शून्य’. हे खरे नाही. नेट मीटर बसले तरी स्थिर आकार भरावाच लागतो. दुसरे, बॅटरी नसलेला साधा ऑन-ग्रिड संच महावितरणची वीज गेली की स्वतःही बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या कामगाराला शॉक लागू नये म्हणून तशी रचनाच असते. बहुतेक ग्राहकांना हे बसवून झाल्यावर कळते आणि मग ते फसवल्याची भावना घेऊन गल्लीभर सांगत फिरतात. आम्ही पत्रकात स्वतंत्र चौकट केली: ‘हे आधी सांगितलेले बरे’. तिच्यात या दोन्ही गोष्टी आणि पॅनेल महिन्यातून एक-दोनदा धुवावे लागतात हेही लिहिले. मित्र धास्तावला होता. नंतर त्यानेच सांगितले की लोक फोनवर पहिली चर्चा त्या चौकटीचीच करतात, आणि दुसऱ्या दुकानदाराने हे का सांगितले नाही असे विचारतात.

‘समाधानी ग्राहक’ म्हणून इंटरनेटवरून उचललेले हसरे गोरे चेहरेही आम्ही काढून टाकले. त्याजागी त्याने स्वतः केलेल्या तीन छतांचे फोटो आले, वस्तीचे नाव आणि किती किलोवॉट एवढे लिहून, घरमालकांची परवानगी घेऊन. खाली एक ओळ: ‘फोन करा, चालू असलेला संच दाखवायला घेऊन जातो.’ धम्माला आपण एहिपस्सिको म्हणतो, या आणि स्वतः पाहा. धंद्यातही याहून मोठी जाहिरात आम्हाला माहीत नाही.

आता त्या पायाखाली आलेल्या फोटोविषयी. हा विषय नाजूक आहे आणि आमच्या वाचकांत यावर दोन मते असणार. ग्राहकाला आपली ओळख कळावी की लपवावी? १९१७-१८ च्या काळात, बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत परतल्यावर, बाबासाहेबांनी शेअर बाजाराविषयी सल्ला देणारी एक फर्म काढली होती. सुरुवात बरी झाली. पण फर्मचा मालक महार आहे हे कळल्यावर ग्राहक येईनासे झाले आणि ती बंद करावी लागली. अमेरिकेत आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाच्या सल्ल्याला जातीमुळे गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे १९२० मध्ये ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे मोजूनही ‘केसरी’ने छापली नाही. म्हणून आज एखादा तरुण पत्रकावर आडनाव न घालता नुसते ‘एस. एस. सोलर’ लिहितो तेव्हा आम्ही त्याला भित्रा म्हणणार नाही. त्याची भीती अनुभवातून आलेली असते. आमच्या मित्रालाही एका सोसायटीत सर्व ठरल्यावर आडनाव विचारले गेले आणि काम पुढच्या आठवड्यावर ढकलले गेले. तो पुढचा आठवडा अजून आलेला नाही.

तरीही आमचे मत असे की पत्रकावर मालकाचे पूर्ण नाव आणि त्याचा कामाच्या वेशातला फोटो असावा. एवढा खर्च करणारा ग्राहक बिननावाच्या माणसावर विश्वास ठेवत नाही. आणि आडनाव पाहून जो दार लावणार आहे, तो छतावर चढण्याआधी लावेल, सामान आणून टाकल्यावर नाही. नुकसान तेवढे कमी. बाबासाहेबांचा फोटो मात्र दुकानात, टेबलासमोर, मानाने असू द्या. वाटायच्या कागदावर नको. तो कागद शेवटी रद्दीत जातो, भजी बांधायला जातो, पायाखाली येतो. आणि खरे सांगायचे तर आपले काही व्यावसायिक फोटो आणि ‘जय भीम’ वर टाकून खाली माहिती द्यायचे विसरतात. आपलेच लोक आहेत, घेतील समजून. आपला ग्राहकही पैसे मोजताना हिशेबच बघतो, आणि बघावा.

छपाईविषयी थोडक्यात. ए-फोर कागदाला दोन घड्या घातल्या की सहा पाने मिळतात. या कामाला ते पुरे. आत दुमडले जाणारे पान इतरांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर अरुंद ठेवावे लागते, म्हणजे १००, १०० आणि ९७, नाहीतर घडी फुगते. डीटीपीवाल्याला हे आधीच सांगा. कडेला रंग जात असेल तर तीन मिलिमीटर ब्लीड हवे. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो छापू नका, ते दाबून लहान झालेले असतात. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. मोबाइलवर झळाळणारा निळा छपाईत मंद दिसतो, कारण स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते आणि छापखाना चार शाईंनी. एक रंगीत प्रत काढून बघितल्याशिवाय होकार देऊ नका. कागद १३० जीएसएमचा आर्ट पेपर चालतो. त्याहून जाड घेतला तर घडीवर आधी क्रीझ मारून घ्यावी, नाहीतर तिथे शाई तडकते.

मराठी अक्षरांचा घोळ वेगळाच. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘र्‍य’, ‘ट्र’, ‘द्ध’ अशी जोडाक्षरे फुटतात. बौद्ध व्यावसायिकाच्या पत्रकावर ‘बौद्ध’ हाच शब्द मोडलेला आम्ही पाहिला आहे. मुक्त किंवा बलू हे युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात आणि छापायला स्वच्छ आहेत. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असतो, म्हणून ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडावे लागते. मजकूर अकरा-बारा पॉइंटपेक्षा लहान नको. ग्राहक निवृत्त शिक्षक आहे हे विसरू नका. क्यूआर कोड निदान दोन सेंटिमीटरचा ठेवा, आणि शेजारी फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहाच, कारण निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाला कोड वापरता येत नाही.

मित्राने या वेळी दोन हजार छापली नाहीत. डिजिटल प्रेसवर दोनशे काढली. दर प्रती थोडा महाग पडला. त्याआधी साध्या कागदावर डमी करून ती त्याने आपल्या आईला आणि शेजारच्या एका निवृत्त पोस्टमनकाकांना वाचायला दिली. काकांनी दहा मिनिटे वाचून विचारले, “पावसाळ्यात किती वीज होते ते कुठं लिहिलंय?” लिहिलेले नव्हते. पाचव्या पानावर जागा करून ते घातले आणि मगच फाइल छापायला गेली.