उजेड आणि आई

आइसलँडच्या भाषेत सुईणीला 'ल्योसमोदिर' म्हणतात. 'ल्योस' म्हणजे उजेड, 'मोदिर' म्हणजे आई. 2013 साली तिथल्या लोकांनी आपल्या भाषेतला सर्वांत सुंदर शब्द निवडला, तो हाच.

हा शब्द प्रथम वाचला तेव्हा आम्हाला लगेच एक कारण सुचलं. आइसलँड पार उत्तरेला. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम चार तासांचा. मग उजेडाचं अप्रूप असणारच! पण सुचलेलं कारण तपासून बघायला हवं. इटली आणि स्पेनमध्ये काही उन्हाची टंचाई नाही. तरी तिथेही बाळाला जन्म देणं म्हणजे 'उजेडात देणं'. रोमन लोकांची बाळंतपणाची देवता लुसिना. तिचं नावही ते उजेडाशीच जोडत. म्हणजे यासाठी लांबलचक रात्रींची गरज नाही. पोटातल्या अंधारातून बाळ उजेडात येतं, ही कल्पना अनेक समाजांत आढळते.

आता दुसरा शब्द बघा. 'ल्योसमिंदारी' म्हणजे उजेडाची चित्रं काढणारा. आपण त्याला छायाचित्रकार म्हणतो. त्यांनी उजेड पाहिला, आपण सावली! इथे उजेड हे साधन आहे. सुईणीच्या शब्दात मात्र तो बाळाचा मुक्काम आहे. समासात दोन शब्द नुसते शेजारी बसतात. त्यांचं नातं काय, ते समास सांगत नाही. विग्रह करताना ते आपण पुरवतो आणि तिथेच चूक होऊ शकते.

सुईणीसाठी आइसलँडमध्ये आणखी एक जुना शब्द आहे, 'इविरसेतुकोना'. म्हणजे जवळ बसून राहणारी बाई. इंग्रजीतल्या 'मिडवाइफ'मधला 'मिड'सुद्धा मध्य नव्हे; त्याचा जुना अर्थ 'सोबत'. आणि आपली सुईण? वर्गात विचारून बघा. 'सुई'वरून, असं कुणीतरी नक्की म्हणेल. खरं तर तिचं नातं प्रसूतीतल्या 'सू' या धातूशी आहे.

शेवटी एक गोष्ट. 'मोदिर' आणि आपला 'मातृ' एकाच मूळ शब्दातून आले. 'ल्योस' आणि 'रुच्', म्हणजे प्रकाशणे, यांचंही मूळ एकच. इतक्या दूरच्या बेटावरचा हा शब्द, पण त्याचे दोन्ही तुकडे आपल्या नात्यातलेच निघाले.