उपसा

एप्रिल 2019 मध्ये सौदी अरबस्तानाच्या सरकारी तेल कंपनीला, सौदी अरामकोला, बाजारातून कर्ज उभारायचे होते. कर्ज मागायला गेलेल्याला घरची वही उघडी करावी लागते. अरामकोनेही साडेचारशेहून अधिक पानांचे माहितीपत्रक काढले, आणि तेलाचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यात सगळ्यात आधी घवारचे पान शोधले.

घवार हे जगातले सर्वांत मोठे तेलक्षेत्र. 1948 मध्ये सापडले, 1951 पासून त्यातून तेल निघते आहे. सौदी अरबस्तानाने आजवर जेवढे तेल जमिनीतून काढले, त्यातले निम्म्याहून अधिक एकट्या घवारचे. पण या क्षेत्राची दिवसाची ताकद आता किती उरली आहे, हा आकडा जवळजवळ चार दशके कोणी बाहेर येऊ दिला नव्हता. अभ्यासक 50 लाख बॅरल धरून चालत होते. माहितीपत्रकात छापले होते 38 लाख. शिल्लक साठा 48 अब्ज बॅरलच्या थोडा वर.

एक बॅरल म्हणजे 159 लिटर. जगाला दिवसाला सुमारे 10 कोटी बॅरल लागतात. त्या हिशेबात 12 लाखांचा फरक किरकोळ वाटेल. पण भारत स्वतःच्या जमिनीतून आणि समुद्रातून दिवसाला जेवढे कच्चे तेल काढतो, त्याहून हा फरक मोठा आहे. ज्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातले 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून येते, त्या देशातल्या वाचकाने हे आकडे कसे तयार होतात हे समजून घेतले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. म्हणून हा लेख.

सुरुवात विटेपासून करू. गवंडी भिंत बांधायला घेण्याआधी विटा पाण्यात भिजत घालतो. वीट हौदात सोडली की तिच्या अंगातून बुडबुडे वर येतात. ती पाणी पिते आणि बाहेर काढल्यावर हाताला जड लागते. ते पाणी आहे कुठे? विटेत पोकळी दिसत नाही, तरी पाणी आत गेले आहे. जमिनीखालचे तेल असेच असते. तिथे तेलाचे तळे नाही की नदी नाही. दगडातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांत ते मुरलेले असते. आता त्या भिजलेल्या विटेतले पाणी परत काढायचे म्हटले तर किती निघेल? तेलक्षेत्रांचेही तेच आहे. जगभरची सरासरी धरली तर खडकात असलेल्या तेलापैकी साधारण एक तृतीयांशच वर येते. बाकीचे दगड सोडत नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. आपल्याकडे विहीर दिवसभर उपसली तरी रात्रीत झरे तिला पुन्हा भरतात. तेलविहिरीला झरा नाही. खोलवरच्या खडकातले तेल वरच्या थरांच्या ओझ्याखाली, सोबतच्या वायूसह आणि खालच्या पाण्यासह दबलेले असते. छिद्र पाडले की ते आपल्या जोराने वर येते. टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपला 10 जानेवारी 1901 रोजी हे जगाने पाहिले. तेलाचा फवारा खोदकामाच्या मनोऱ्यावरून उंच उडाला आणि आवरायला नऊ दिवस लागले. पण जोर ओसरतो. मग तेलाला खालून किंवा बाजूने काहीतरी ढकलावे लागते, बहुतेक वेळा पाणी. तेलक्षेत्राचे आयुष्य ठरते ते हा दाब कोणी, कधीपासून आणि किती जपला यावर.

घवारची कथा दाब जपण्याची कथा आहे. सौदीच्या पूर्व प्रांतात वाळूखाली सुमारे 280 किलोमीटर लांब आणि 30 किलोमीटरच्या आसपास रुंद असा खडकाचा एक लांबट उंचवटा आहे. मुंबईहून नाशिकला जाऊन बरेचसे परत यावे, एवढी त्याची लांबी. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडीत हे तेल आहे. भूवैज्ञानिक या थराला ‘अरब-डी’ म्हणतात. त्याच्यावर अ‍ॅनहायड्राइट या क्षाराचे घट्ट झाकण आहे. ते झाकण नसते तर तेल कधीच वर झिरपून उडून गेले असते. उत्तरेकडच्या ऐन दार आणि शदगम भागात हा खडक इतका सच्छिद्र आहे की तेल सहज वाहते. दक्षिणेला हरद्ध भागात तो घट्ट होत जातो.

साठच्या दशकापासून घवारच्या कडांनी पाणी आत सोडायला सुरुवात झाली. पुढे आखाताच्या किनाऱ्यावर कुरय्या इथे समुद्राचे पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून, वाळवंटातून नळांनी घवारपर्यंत आणण्याची व्यवस्था उभी राहिली. दिवसाला लक्षावधी बॅरल पाणी खाली जाते आणि तेलाला कडेकडून मध्याकडे, माथ्याकडे रेटते. पाणी जसे पुढे सरकते तशा कडेच्या विहिरी तेलाऐवजी पाणी देऊ लागतात. मग विहिरी आणखी आत, माथ्यावर. 2006 मध्ये हरद्धचा तिसरा टप्पा सुरू झाला तेव्हा दिवसाला 3 लाख बॅरल तेलासाठी केवळ 32 खास विहिरी पुरल्या. त्या खडकात आडव्या शिरतात आणि झाडाच्या मुळांसारख्या फांद्या पसरतात.

2005 मध्ये मॅथ्यू सिमन्स या अमेरिकी गुंतवणूक सल्लागाराने सौदी अभियंत्यांचे सुमारे दोनशे तांत्रिक निबंध वाचून एक पुस्तक लिहिले. सौदीची जुनी क्षेत्रे लवकरच खचतील, असा त्याचा दावा होता. तसे झाले नाही. सौदीचे उत्पादन टिकले. तरीही सिमन्सला मोडीत काढू नये. घवारबद्दल बाहेर धरले जाणारे आकडे फुगलेले आहेत हे त्याने नुसत्या वाचनातून ओळखले होते, आणि चौदा वर्षांनी कंपनीच्याच कागदाने ते दाखवून दिले. चूक झाली ती काळाच्या अंदाजात.

देशांचे साठ्याचे आकडे तर याहून सैल. ऐंशीच्या दशकात ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेच्या सदस्यांना उत्पादनाची मर्यादा वाटून देण्यात आली. वाटा ठरवताना साठ्याचेही वजन पडेल असे दिसू लागले, आणि जमिनीखालचे तेल कागदावर वाढले. 1980 च्या दशकाच्या मध्यात कुवेतने आपला साठा 67 अब्जांच्या आसपासवरून 90 अब्जांच्या पुढे नेला. काही वर्षांतच अबू धाबी, इराण आणि इराक यांनी तेच केले. अबू धाबीचा आकडा जवळजवळ तिप्पट झाला. शेवटी सौदीने 170 अब्जांचे 257 अब्ज केले. एवढी वाढ समजावून सांगेल असा एकही मोठा शोध त्या काळात लागलेला नव्हता. जुने आकडे परदेशी कंपन्यांनी मुद्दाम हात राखून दिले होते, असे या देशांचे म्हणणे. त्यात तथ्य असू शकते. पण मला खटकते ते पुढचे: कुवेतमधून दरवर्षी तेल उपसले जात राहिले आणि जाहीर साठा वर्षानुवर्षे 101 अब्जांवर जागचा हलला नाही.

कुवेतच्या या आकड्याचा मोठा हिस्सा बुरगान या एका क्षेत्राचा. 1938 मध्ये सापडलेले हे जगातले दुसऱ्या क्रमांकाचे क्षेत्र. घवारसारखी चुनखडी इथे नाही, वाळूखडक आहे, आणि तोही उत्तम सच्छिद्र. 1991 मध्ये माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला विझली. 2005 मध्ये कुवेतच्या तेल कंपनीने मान्य केले की बुरगानमधून दिवसाला 20 लाख बॅरल काढत राहणे जमणार नाही, 17 लाखांवर थांबावे लागेल.

उलट बाजूला व्हेनेझुएला. कागदावर 303 अब्ज बॅरल, म्हणजे सौदीहून जास्त. पण त्यातले बहुतेक तेल ओरिनोको पट्ट्यातले, काकवीहूनही दाट, डांबराच्या जवळ जाणारे. ते पातळ केल्याशिवाय नळातून नेता येत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दिवसाला 30 लाख बॅरलच्या आसपास काढणारा हा देश 2020 मध्ये 10 लाखांच्याही बराच खाली आला.

घाईने उपसले तर काय होते, याचे उदाहरण पश्चिम सैबेरियातले सामोत्लोर. 1965 मध्ये सापडले, 1980 च्या सुमारास दिवसाला 30 लाख बॅरलच्या पुढे गेले. मॉस्कोला परकीय चलन हवे होते, त्यासाठी पाणी रेटून रेटून तेल ओढले गेले आणि उतार तितक्याच वेगाने आला. चीनच्या दाचिंगने मात्र 1976 ते 2002 अशी 27 वर्षे सलग, वर्षाला 5 कोटी टनांच्या वर तेल दिले.

पण मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवते ते मेक्सिकोचे कान्तारेल. रुदेसिंदो कान्तारेल हा काम्पेचेच्या उपसागरात मासे धरणारा कोळी. 1961 मध्ये त्याला पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. जाळी तेलाने माखत होती आणि कोळ्याला त्याचा त्रासच होता. पुढे काही वर्षांनी त्याने ही जागा सरकारी कंपनी पेमेक्सला दाखवली. 1976 मध्ये तिथे तेल लागले आणि क्षेत्राला त्याचे नाव मिळाले.

या तेलाला जागा कुणी करून दिली, हे वाचले तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसून राहिलो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी युकातानच्या किनाऱ्यावर, आजच्या चिक्शुलुबपाशी, एक प्रचंड अशनी आदळला. डायनोसॉर ज्या घडामोडींत संपले त्यातली ही मुख्य. त्या धक्क्याने समुद्रतळाच्या चुनखडीचे कडे कोसळले आणि त्या तुकड्यांचा शेकडो मीटर जाड थर साचला. तुकड्यांमधल्या फटींत तेल शिरले, तेच कान्तारेल. नेमक्या त्याच काळात आपल्याकडे ज्वालामुखीचा लाव्हा थरावर थर पसरत होता, त्याचा सह्याद्री झाला.

नव्वदच्या दशकात कान्तारेलचा जोर कमी झाला. 2000 पासून पेमेक्सने हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन प्रचंड प्रमाणात खाली दाबायला सुरुवात केली. त्या कामासाठी उभारलेला कारखाना जगातला सर्वांत मोठा होता. उत्पादन जवळपास दुप्पट झाले. 2004 मध्ये दिवसाला 21 लाख बॅरल, म्हणजे मेक्सिकोच्या एकूण तेलाच्या निम्म्याहून अधिक. पण वरून दाबला जाणारा वायू खाली उतरत होता, खालून पाणी चढत होते, आणि मधला तेलाचा पट्टा पातळ होत चालला होता. 2009 च्या सुरुवातीला 8 लाखांच्या आत, 2012 मध्ये 4 लाखांच्या आसपास. मेक्सिकोच्या सरकारी तिजोरीचा मोठा भाग पेमेक्सवर चाले. त्याच पेमेक्सचे सर्वांत मोठे क्षेत्र आठ वर्षांत ढासळले.

आता आपला समुद्र. ऑक्टोबर 1973 नंतर कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाला. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या खोदतराफ्याने मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, 75 मीटर पाण्याखाली तेल शोधून काढले. हेच बॉम्बे हाय, आजचे मुंबई हाय. 21 मे 1976 ला उत्पादन सुरू झाले. तिथला मुख्य थर ‘एल-थ्री’ चुनखडीचाच. आणि क्षेत्राच्या पायाशी काही भागात तोच सह्याद्रीचा काळा बेसाल्ट आहे. ऐंशीच्या दशकात बॉम्बे हाय दिवसाला 4 लाख बॅरलहून अधिक देत होते. देशाची गरज मोठी होती आणि उपसाही तसाच झाला. पाणी सोडायला सुरुवात झाली 1984 मध्ये, म्हणजे उत्पादनानंतर आठ वर्षांनी. ‘एल-थ्री’ सलग नाही. चुनखडीच्या पट्ट्यांमध्ये चिकणदगडाचे पातळ पापुद्रे आहेत. त्यामुळे सोडलेले पाणी सगळीकडून सारखे सरकत नाही, सोपी वाट धरून विहिरीत येते आणि घट्ट पट्ट्यांतले तेल मागे राहते. नव्वदच्या दशकात उत्पादन घसरले.

27 जुलै 2005. आदल्या दिवशीच्या महापुराने मुंबईची हेलिकॉप्टरे जमिनीवर अडकली होती. मुंबई हायवर मदतीसाठी असलेल्या ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटे कापली. हेलिकॉप्टर येऊ शकत नसल्याने त्याला क्षेत्राच्या उत्तर भागातल्या उत्पादन तराफ्यावरच्या दवाखान्यात न्यायला जहाज जवळ आणले. खवळलेल्या समुद्रात ते तराफ्याच्या उभ्या नळांवर आदळले, वायू पेटला आणि दोन तासांत तो भलामोठा तराफा समुद्रात कोसळला. 22 माणसे गेली.

आज मुंबई हायचे तेल जुन्या उच्चांकाच्या साधारण एक तृतीयांशावर आले आहे. जानेवारी 2025 मध्ये हे क्षेत्र चालवणाऱ्या सरकारी कंपनी ओएनजीसीने त्यासाठी ब्रिटिश कंपनी बीपीला दहा वर्षांकरिता तांत्रिक सेवा पुरवठादार नेमले. काम काय, तर कुठल्या विहिरीत किती पाणी सोडायचे, कुठली बंद ठेवायची, आणि चुनखडीच्या कुठल्या पट्ट्यात अजून तेल अडकून बसले आहे ते शोधायचे. समुद्रतळावरच्या सुमारे 200 किलोमीटर लांब नळातून मुंबई हायचे तेल अजूनही रोज उरणला येते. विहिरींतून त्याच्याबरोबर पाणीही वर येते. तेल वेगळे होते, आणि खडकातला दाब टिकावा म्हणून समुद्राचे पाणी गाळून पुन्हा ‘एल-थ्री’त सोडले जाते.