हुकावरचं वजन

धानाची खरेदी सुरू झाली की गोंदिया, तिरोडा, आमगावच्या राईस मिलकडे कट्ट्यांनी भरलेल्या ट्रॉल्या निघतात. ट्रॅक्टर किती ओढेल, हे सगळे विचारतात. हुकावर किती भार पडतो, हे फारसं कुणी विचारत नाही. खरा धोका मात्र तिथंच आहे. दोनचाकी ट्रॉलीत 40 किलोचे 100 कट्टे म्हणजे 4 टन. त्यातला दहावा हिस्सा हुकावर आला तरी 400 किलो होतात. हुक ट्रॅक्टरच्या मागच्या आसापासून 70 सेंटिमीटर मागे आणि दोन आसांत 2 मीटर अंतर धरलं, तर पुढच्या चाकांवरचा सुमारे 140 किलो भार कमी होतो. स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळेच. मग कट्टे मागे सरकवावेत का? तेही नको. हुक वर उचलला जातो, मागच्या चाकांची पकड सुटते, ट्रॉली हेलकावे खाते. ‘आमचा ट्रॅक्टर दमदार आहे, सहज ओढतो,’ असं कुणी म्हणेल. ओढेलही, पण देवरी-सालेकसाकडच्या उतारावर प्रश्न थांबण्याचा असतो, आणि ट्रॉलीला ब्रेक नसेल तर मागचे चार टन ट्रॅक्टरलाच ढकलतात. चारचाकी ट्रॉली हुकावर जवळपास भार टाकत नाही, पण हा धक्का तिचाही तेवढाच.