वेगाची वाट (लेखांक ६) : रनअप छोटा, पल्ला मोठा

मागच्या लेखांकात आपण कपिल देवची घडण पाहिली. हरियाणासारख्या, वेगवान गोलंदाजीची परंपरा नसलेल्या प्रांतातून आलेला हा गोलंदाज कसोटीत ४३४ बळींपर्यंत पोहोचला. आज वळू या जहीर खानकडे. त्याच्या कारकिर्दीला एक सोडून दोन चढ आहेत. पहिला चढ त्यानं वेगाच्या बळावर गाठला आणि दुसरा वेग आवरून. वेगवान गोलंदाज मोठा कसा होतो, हे समजून घ्यायचं तर दुसरा चढ जास्त शिकवतो.

जहीरचा जन्म १९७८ चा, गाव श्रीरामपूर. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे साखर कारखान्यांच्या टापूतलं गाव. शाळकरी वयात हातात टेनिस बॉल होता. पुढे अभियांत्रिकीची वाट सोडून तो सतराव्या वर्षी मुंबईला आला, तो घरच्यांच्या पाठिंब्यावर. निम्नमध्यमवर्गीय मराठी मुलखात तेव्हा हा निर्णय किती धाडसाचा होता, हे वेगळं सांगायला नको. मुंबईत सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये तो घडू लागला. तिथून टी. ए. शेखर यांच्या नजरेत भरला आणि चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिलीच्या हाताखाली गेला.

रणजी पदार्पण मात्र मुंबईकडून नव्हे, बडोद्याकडून झालं, १९९९-२००० च्या हंगामात. पुढच्याच हंगामात रेल्वेला हरवून बडोद्यानं रणजी करंडक जिंकला आणि त्या यशात जहीरचा मोठा हात होता. त्याआधीच, ऑक्टोबर २००० मध्ये, नैरोबीच्या नॉकआउट स्पर्धेत तो भारतीय संघात आला होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं यॉर्करवर स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवला आणि डावखुरा, खरोखर वेगवान असा भारतीय गोलंदाज सापडल्याची बातमी देशभर झाली. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशाच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्याचंही कसोटी पदार्पण झालं.

त्या काळातला जहीर आठवून पाहा. लांबलचक रनअप, चेंडू टाकताना उंच उडी आणि प्रत्येक चेंडूत पूर्ण जोर. २००३ च्या विश्वचषकात त्यानं १८ बळी घेतले. पण अंतिम सामन्यात, जोहान्सबर्गला, पहिल्याच षटकात वाइड आणि नो-बॉलसह १५ धावा गेल्या. सात षटकांत ६७ धावा, बळी एकही नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिस्बेन कसोटीत पाच बळी घेतले आणि तिथंच मांडीच्या स्नायूनं दगा दिला. पुढची दोन वर्षं दुखापत, पुनरागमन, पुन्हा दुखापत या चक्रात गेली. इरफान पठाण, आर. पी. सिंग, श्रीशांत असे नवे चेहरे आले आणि जहीर संघाबाहेर गेला.

शरीर असं का बोलू लागलं, हे नीट समजून घ्यायला हवं. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार घोटा, गुडघा आणि कंबर यांच्यावर येतो. रनअप लांब आणि उडी उंच असेल तर हा भार वाढतो, शिवाय उडीत तोल जरा जरी ढळला तर चेंडूची दिशा चुकते. दुखापत आणि वाइड चेंडू ही दोन वेगळी दुखणी वाटतात, पण त्यांचं मूळ अनेकदा एकाच ठिकाणी असतं.

२००६ च्या उन्हाळ्यात जहीर इंग्लंडला वूस्टरशायर काउंटीकडून खेळायला गेला. काउंटीत विश्रांती थोडी आणि षटकं भरपूर. चार दिवसांचा सामना संपला की पुढचा समोर उभा. असा हंगाम अंगातला जोर उधळून निभावता येत नाही. तिथं त्यानं रनअप छोटा केला, उडी आवरली आणि मनगटाच्या स्थितीवर काम केलं. पहिल्याच सामन्यात दहा बळी, एसेक्सविरुद्ध एका डावात नऊ आणि हंगामात एकूण ७८. वय सत्तावीस. ज्या वयात अनेक भारतीय वेगवान गोलंदाजांची उतरण सुरू झालेली असे, त्या वयात याचं खरं शिक्षण सुरू झालं.

त्या शिक्षणाचं फळ २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजला दिसलं. पहिल्या डावात चार, दुसऱ्यात पाच बळी. इंग्लंडच्या सलामीला स्ट्रॉस आणि कुक, दोघंही डावखुरे. जहीर त्यांना अंगावर येणारे चेंडू टाकायचा. असा चेंडू खेळावाच लागतो, आणि टप्पा पडल्यावर तो बाहेर जाऊ लागला की बॅटची कड सापडते. दुसऱ्या डावात १२४ धावांवर खेळणाऱ्या मायकेल वॉनलाही त्यानंच त्रिफळाचीत केलं. भारतानं ती मालिका १-० जिंकली. इंग्लंडमधला कसोटी मालिका विजय १९८६ नंतर प्रथमच मिळाला होता.

जुन्या चेंडूवरची जहीरची कला आणखी बारकाईनं पाहण्यासारखी आहे. चेंडूची एक बाजू घासून चकचकीत ठेवतात, दुसरी खरखरीत होते. नवा चेंडू साधारणपणे खरखरीत बाजूकडे वळतो. चेंडू पुरेसा जुना आणि कोरडा झाला की वेगात तोच उलट, चकचकीत बाजूकडे वळू लागतो. हा रिव्हर्स स्विंग. तरबेज फलंदाज गोलंदाजाच्या हातातली चकाकी कोणत्या बाजूला आहे हे पाहून चेंडू कुठं वळणार याचा अंदाज बांधतो. म्हणून जहीर धावत येताना डाव्या हातातला चेंडू उजव्या पंजानं झाकून ठेवायचा. फलंदाजाला चकाकी दिसायची ती चेंडू हातातून सुटतानाच, आणि तोवर पाय हलवायला उशीर झालेला असायचा.

नकल बॉलचंही तसंच. बोटं सरळ चेंडूवर ठेवण्याऐवजी दुमडून, पेरांच्या आधारानं चेंडू धरायचा. हात तितक्याच वेगानं फिरतो, पण चेंडूला मागून रेटा कमी मिळतो आणि तो अडखळत, हळू येतो. हात पाहून खेळणारा फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळा होतो. २०११ च्या विश्वचषकात हा चेंडू अनेकांना कळलाच नाही. बंगळूरला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात, विजय इंग्लंडकडे झुकलेला असताना, ४३ व्या षटकात त्यानं लागोपाठच्या चेंडूंवर बेल आणि १५८ धावांवर खेळणाऱ्या स्ट्रॉसला बाद केलं आणि सामना बरोबरीत सुटला. वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्या पाच षटकांपैकी तीन निर्धाव होती, धावा गेल्या सहा आणि बळी मिळाला एक. अखेरच्या षटकांत श्रीलंकेनं धावा लुटल्या हे खरं, पण सुरुवातीला त्यानं आवळलेली पकड त्या विजयाचा पाया होती. स्पर्धेत त्याचे बळी २१, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीनं सर्वाधिक.

कसोटीत त्याचे ३११ बळी झाले, त्यातले निम्म्याहून अधिक २००६ नंतरचे. त्या आधीचा जहीर वेगानं सरस होता, नंतरचा जहीर गोलंदाज म्हणून कितीतरी मोठा होता.

म्हणूनच तालुक्यातालुक्यांत वेगवान गोलंदाज घडवणाऱ्या प्रशिक्षकांना आणि पालकांना एक कळकळीची विनंती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला स्पीडगनवरच्या आकड्यानं तोलू नका. वेग त्याला दारापर्यंत नेईल. आत टिकायचं तर त्याला मनगट, टप्पा, जुन्या चेंडूची निगा आणि स्वतःचं शरीर ओळखायला शिकवा, आणि तो दुखापतीनं बाहेर बसला तर त्याला मोडीत काढू नका. पुढच्या लेखांकात गोलंदाजाच्या पाठीवर पडणाऱ्या ताणाबद्दल आणि तो कमी करण्याच्या उपायांबद्दल सविस्तर बोलू.